आइसलँडची हरकत

भाऊरावांच्या वाट्याला आइसलँड आला, तो उरलासुरला देश म्हणून.

सुलतानपूरच्या विहारात जयंतीच्या आठवड्यात दरवर्षी काही ना काही असतं. भाषणं, गाणी, पोरींच्या रांगोळ्या. यंदा प्रसेनजितने वेगळंच काढलं. प्रसेनजित गावातलाच, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. विहाराच्या सभागृहात नाटोची परिषद भरवायची, असं त्याच्या डोक्यात आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या काही देशांनी करार केला की आपल्यातल्या एकावर हल्ला झाला तर तो सगळ्यांवर झाला असं समजायचं. तेव्हा बारा देश होते, आता बत्तीस झालेत. तर बत्तीस खुर्च्या मांडायच्या, बत्तीस माणसं बसवायची, प्रत्येकाने आपल्या देशातर्फे बोलायचं, आणि या म्हाताऱ्या झालेल्या युतीचं पुढं काय, ते शेवटी ठरवायचं.

विद्यार्थी पुरले नाहीत. अर्धे परीक्षेला गुंतलेले. मग प्रसेनजित घरोघर फिरला आणि मोठ्या माणसांना देश वाटत सुटला.

दोन दिवसांत गावाचा नकाशा बदलला. किराणा दुकानवाले शंकरराव जर्मनी झाले. सोजराबाई तुर्कस्तान, आणि तिच्याबरोबर एकाच नळावर पाणी भरणारी जनकाबाई ग्रीस. त्या दोघींचं पाण्यावरून कधी पटलं नाही. प्रसेनजितने हे जाणूनबुजून केलं की आपोआप झालं, कोणास ठाऊक. सोजराबाईचा नवरा मोतीराम अमेरिका झाला. त्याच्याकडे ट्रॅक्टर होता आणि आवाजही मोठा होता, त्यामुळे त्यावर कोणी वाद घातला नाही. बाजारात माणसं एकमेकांना देशाच्या नावानं हाका मारू लागली. "काय बे जर्मनी, तेल महाग केलं म्हणे," असं म्हणून लोक दुकानात शिरत, आणि शंकरराव खुशीत तोलून द्यायचे.

भाऊरावांच्या दारात प्रसेनजित सगळ्यात शेवटी आला. खरं तर तो यायलाच कचरत होता. दिवाळीच्या आधी त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई गेल्या, आणि तेव्हापासून भाऊरावांच्या तोंडून कोणी धड वाक्य ऐकलं नव्हतं.

तसे ते आधीही बोलणारे नव्हते. त्यांच्या घरात बोलायचं खातं पंचफुलाबाईंकडे होतं. व्यापारी सोयाबीनचा भाव पाडून मागायचा, भाऊराव मान खाली घालून उभे राहायचे, आणि आतून पंचफुलाबाईंचा आवाज यायचा, "त्या भावानं नाई जमत." सोयरीक असो, वर्गणी असो, बांधाचा तंटा असो, नाही म्हणायचं काम तिचं. त्यामुळे गावाला एक सवय लागून गेली होती. भाऊराव गप्प आणि आतूनही आवाज नाही, म्हणजे होकार. तीस-पस्तीस वर्षं हा हिशेब कधी चुकला नाही.

आता आतून आवाज यायचा बंद झाला होता, आणि हिशेब मात्र तोच चालू राहिला होता.

प्रसेनजितने सांगितलं, "काका, एक खुर्ची रिकामी राह्यली. आइसलँड. तुम्ही फक्त बसा, बोलायची काही गरज नाही."

भाऊराव काही बोलले नाहीत. प्रसेनजितने तो होकार धरला आणि जाता जाता माहिती म्हणून सांगून ठेवलं, की आइसलँड हा पहिल्या बारांतला देश आहे, पण त्याला स्वतःची फौज नाही. तेव्हाही नव्हती, आजही नाही. किनाऱ्यावर पहारा द्यायला काही बोटी तेवढ्या.

तो उंबऱ्यापर्यंत गेला होता. मागून आवाज आला.

"मंग त्याले घेतलं काऊन?"

प्रसेनजित वळला. कितीतरी महिन्यांत भाऊरावांनी कोणाला प्रश्न विचारला नव्हता. तो परत येऊन बाजेवर बसला आणि चेकाळल्यासारखा बोलायला लागला. आइसलँड समुद्राच्या अशा जागी आहे, की अमेरिकेतून युरोपात जाणारी वाट त्याच्या दारावरून जाते. फौज नसली तरी जागा आहे. विमानं उतरायची ती तिथं, रशियाच्या पाणबुड्यांवर नजर ठेवायची ती तिथून. आणि गरीब गाय समजू नका काका, मासळीवरून त्याने ब्रिटनशी भांडण काढलं होतं, म्हणाला, आमच्या पाण्यात मासे धराल तर मी युतीतून बाहेर पडीन. एवढा मोठा ब्रिटन, पण मागं सरला.

"फौज नसून?"

"फौज नसून. कारण तिथं मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं एकमत झालं तरच ठराव. लक्झेंबर्ग असो की अमेरिका, एक जण नाही म्हणाला की अडलं."

मग त्याने आणखी एक पद्धत सांगितली. पुष्कळदा तिथं हात वर करून होकार घेतच नाहीत. ठरावाचा मसुदा सगळ्यांकडे पाठवतात आणि एक वेळ ठरवून देतात. त्या वेळेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही, सगळे गप्प राहिले, तर ठराव मंजूर. गप्प राहणं म्हणजे हो. ज्याला नको असेल त्याने मौन मोडायचं.

 त्या रात्री भाऊरावांना जेवण गेलं. दोन भाकरी.

चंद्रशेखर, म्हणजे भाऊरावांचा मुलगा, जयंतीसाठी पुण्याहून आला होता. पोरगा वाईट नव्हता. बाप एकटा राहतो, उद्या चक्कर येऊन पडला तर कोणाला कळणार, हा घोर त्याला खरंच लागला होता. त्याने सगळं जुळवून आणलं होतं. शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला द्यायचं, लाल्या बैल व्यापाऱ्याला द्यायचा, आणि बाबांना घेऊन पुण्याला जायचं. हे त्याने बापाला जेवताना सांगितलं, गोठ्यात सांगितलं, परत एकदा अंगणात सांगितलं. तिन्ही वेळा भाऊराव गप्प होते. चंद्रशेखरने गावात सांगून टाकलं, की बाबा तयार आहेत.

यात एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. लाल्या एकट्या भाऊरावांचा बैल होता, पण अर्धी जोडी होता.

भाऊराव आणि मोतीराम यांच्या घरांत सावड होती. दोघांच्या बापांनी ती सुरू केली. दोघांकडे एकेकच बैल, आणि एका बैलानं वखर चालत नाही. मग याचा एक, त्याचा एक, अशी जोडी करायची आणि पाळीपाळीनं दोन्ही शेतं उरकायची. बाप गेले, बैल किती बदलले, पण जू तेच राहिलं. बाभळीचं, भाऊरावांच्या बापानं घडवून घेतलेलं, आणि ठेवलेलं मात्र मोतीरामच्या गोठ्यात. जू एकाचं, ठेवायचं दुसऱ्याच्या घरी, हीच त्या सावडीची लिखापढी. मोतीरामच्या शेतात जायची वाटही भाऊरावांच्या बांधावरून होती. मोतीरामच्या पोरानं ट्रॅक्टर आणला तेव्हा लोक म्हणाले, झाली आता सावड. पण उभ्या कपाशीत ट्रॅक्टर कसा घालणार? ओळींमधलं तण काढणाऱ्या डवऱ्याला बैलजोडीच लागते. सावड टिकली, फक्त काम बदललं. नांगरटी ट्रॅक्टरची, डवरणी लाल्याची आणि मोतीरामच्या मोऱ्याची.

बैल विकायची गोष्ट मोतीरामला पानाच्या टपरीवर कळली. तो तसाच विहिरीवर आला. भाऊराव पाणी शेंदत होते.

"जाऊन राह्यला म्हणे पुण्याले," मोतीराम म्हणाला.

भाऊरावांनी बादली वर घेतली. बोलायला तोंड उघडलं, पण शब्द कुठून सुरू करायचा तेच त्यांना उमगेना. पंचफुला असती तर आत्तापर्यंत तिनं मोतीरामलाही झापलं असतं आणि चंद्रशेखरलाही. भाऊरावांनी बादली परत विहिरीत सोडली. मोतीराम थोडा वेळ थांबला, मग मान हलवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊराव उठले, तर जू त्यांच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं. बैल जुंपायच्या दोऱ्या, जुपण्या, नीट गुंडाळून वर ठेवलेल्या. म्हणजे मोतीरामनं सावड मोडली होती.

भाऊरावांनी जुवावरून हात फिरवला. मानेच्या जागी ते काचेसारखं गुळगुळीत झालं होतं.

परिषदेच्या दिवशी विहाराचं सभागृह दुपारीच भरलं. बत्तीस खुर्च्या गोलात, प्रत्येकासमोर पुठ्ठ्यावर देशाचं नाव, आणि भोवती बसायला जागा न मिळालेलं गाव. बारावीतली मयुरी परिषदेची मुख्य झाली होती. तिनं नाटोचा सगळा इतिहास तोंडपाठ केला होता आणि हातात शाळेची घंटा घेतली होती. चंद्रशेखर मागच्या भिंतीला टेकून मोबाइलवर चित्रण करत होता. व्यापारी उद्या सकाळी बैल न्यायला येणार होता.

मजा सुरुवातीपासूनच आली. शंकररावांनी उभं राहून सांगितलं, की बघा, एके काळी सगळ्यांना धाक आमचाच होता, आणि करार झाल्यावर सहाच वर्षांनी आम्हालाच आत घेतलं, आता उधारी बंद असं मी कसं म्हणू. लोक हसून लोळले. फ्रान्स झालेल्या दीपकनं सांगितलं, की मी मधे रुसून फौजांच्या कारभारातून बाहेर पडलो होतो, मुख्य कचेरीपण माझ्या घरातून बेल्जियमला हलवावी लागली, पण युती काही सोडली नव्हती, आणि पुढं चाळीसेक वर्षांनी परत कारभारात आलो. मागून कोणीतरी म्हणालं, "तुही बायको बी तशीच माहेराहून आली." मयुरीनं घंटा वाजवली.

तुर्कस्तान आणि ग्रीस यांचं तर बोलायलाच नको. दोन्ही देश एकाच वर्षी युतीत आले आणि तेव्हापासून एकमेकांकडे डोळे वटारून आहेत, हे मयुरीनं वाचून दाखवलं, आणि सोजराबाई लगेच म्हणाली, "डोये काऊन नाई वटारन? नळ तिच्या अंगणात हाय." जनकाबाई उठली. दोघींना बसवायला प्रसेनजितला मधे यावं लागलं. पण बसता बसता जनकाबाई बोलली, की भांडीन तर हिच्याशीच, बाहेरच्यानं हिला हात लावून पाहावा. तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या.

मग मुद्द्याची गोष्ट निघाली. ज्या सोव्हिएत युनियनच्या भीतीनं पहारा बसवला, ते मोडून पस्तीस वर्षं होत आली. मग पहारेकरी घरी का गेले नाहीत? कोणी म्हणालं, युतीनं काम बदललं, दूरदूरच्या लढायांत गेली, त्यातल्या काही तिला झेपल्या नाहीत. फिनलँड झालेली अंगणवाडीची अनुपमाताई म्हणाली, "आम्ही इतकी वर्षं बाहेर उभं राहून पाहत होतो. मग शेजारच्या रशियानं युक्रेनवर रणगाडे घातले, तेव्हा आत आलो. स्वीडन माझ्यामागून आलं. तुम्ही म्हणता युती म्हातारी झाली, आणि आम्ही तर कालच घरात पाऊल टाकलं."

भाऊराव खुर्चीच्या कडेवर सरकून बसले होते. प्रत्येक जण बोलायला उठला की त्यांची मान तिकडे फिरत होती. 

अमेरिकेची पाळी आली. मोतीराम उठला. प्रसेनजितनं लिहून दिलेला कागद त्यानं खिशातच ठेवला.

"मी काही शिकेल माणूस नाई," तो म्हणाला. "पण हिशेब साधा हाय. राखण मी करतो, खर्च माहा, माणसं माही, आणि बाकीचे निवांत झोपतात. गेल्या वर्षी साऱ्यांनी कबूल केलं, का आम्ही आपापल्या राखणीवर जास्त खर्च करू. बरं झालं. पण काही असे हायेत, का त्याहिले युती पाहिजे का नाई, हेच ते सांगत नाईत. विचारलं तर बोलत नाईत." तो बोलत होता सगळ्यांशी, पण पाहत होता आइसलँडच्या पुठ्ठ्याकडे. "माहा ठराव लिहा. ज्याच्यापाशी फौज नाई, त्याची राखण आमच्यावर बंधन राहणार नाई. ज्याले जायचं, त्यानं जावं."

 हा ठराव कोणाविषयी आहे, ते सगळ्या गावाला समजलं. प्रसेनजित हळूच म्हणाला, की खऱ्या करारात कोणाला असं बाजूला काढायचं कलमच नाही. मोतीरामनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मयुरी गोंधळली, पण नियम तिला पाठ होता. तिनं जाहीर केलं, की अमेरिकेचा मसुदा परिषदेपुढं आला आहे. आता चहा येईल. चहा संपेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही, तर मौन म्हणजे संमती, ठराव मंजूर.

चहा आला. कागदी कप फिरले. लोक भुरके मारायला लागले. शंकररावांनी दोन घोटांत कप रिकामा केला. दीपकचा संपला, जनकाबाईचा संपला. अनुपमाताईंनी एकदा भाऊरावांकडे पाहिलं आणि आपला कप सावकाश प्यायला घेतला, पण तोही संपला. मोतीरामनं मघाच रिकामा केलेला कप हातात चुरगाळून धरला होता.

भाऊरावांचा कप तसाच भरलेला होता. वर साय धरली होती.

आतून आवाज येईल, असं त्यांना अजूनही वाटत होतं. त्यांनी खरोखरच एकदा दाराकडे पाहिलं. दारात पोरं उभी होती.

"काका," मयुरी म्हणाली, "तुमचा चहा?"

भाऊरावांनी कप जमिनीवर ठेवला आणि ते उभे राहिले. अंगात असं काही भरलं होतं, जसं कुस्तीच्या फडात उतरताना भरतं.

"आइसलँडची हरकत हाय," ते म्हणाले.

आवाज फाटला. त्यांनी घसा खाकरला आणि परत म्हटलं. या वेळी शेवटच्या माणसापर्यंत गेलं. मयुरीनं घंटा उचलली, पण ती वाजवायची विसरली.

"माह्याजवळ फौज नाई," भाऊराव म्हणाले. "नव्हतीच. घेतलं तवाच साऱ्याहिले मालूम होतं. पण वाट माह्या दारावरून जाते. पहिल्या बारांत मी होतो. आता कोणी ट्रॅक्टर आणला, चांगलं झालं. काम बदलन, वाटणी बदलन. बसू, बोलू. पण मी चूप बसलो म्हणून मी गेलो, असं कोणी लिहू नका."

ते थांबले. त्यांनी समोरचा पुठ्ठा सरळ केला.

"माह्या घरी बोलणारी एक होती. मी चूप राह्यलो आणि ती चूप राह्यली, तवाच ते हो राहे. आता ती नाई. आता माह्या चूप बसण्याले हो म्हणू नका. मले बोलाची सवय नाई, जरा टाइम लागते."

मग ते वळले आणि मागच्या भिंतीकडे पाहून म्हणाले, "चंद्रू, लाल्या जाणार नाई. मी बी नाई."

चंद्रशेखरचा मोबाइल खाली आला. सगळं गाव त्याच्याकडे पाहत होतं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मले एकदा तरी म्हणाचं होतं."

"आता म्हणलं."

"आणि तुम्हाले काही झालं तर? एकट्याले?"

 उत्तर सोजराबाईनं दिलं. तिनं तुर्कस्तानचा पुठ्ठा मांडीवरून काढला आणि म्हणाली, "आमी काय मेलो काय रे? पाचवं कलम वाचून दाखव त्याले, मयुरी. एकाले झालं ते साऱ्याहिले झालं. सकाळच्याले भाऊजीच्या चुलीतून धूर नाई दिसला तर मी जाऊन पाहीन." जनकाबाई म्हणाली, की हिच्या आधी मी पाहीन, माझं दार जवळ आहे. आणि त्यावरून दोघींचं परत जुंपलं.

त्या गलक्यात मयुरीला घंटा आठवली. तिनं ती इतकी जोरात वाजवली, की लहान पोरं कानावर हात ठेवून हसायला लागली. ठराव पडला, असं तिनं जाहीर केलं. एक देश नाही म्हणाला, म्हणजे एकमत नाही. नवा मसुदा करावा लागेल. टाळ्या थांबेनात. प्रसेनजित उगाच चष्मा पुसत होता.

भाऊराव बसले नाहीत. त्यांनी परत हात वर केला. मयुरीनं विचारलं, की आता काय.

"ब्रिटनबद्दल बोलाचं हाय. मासळीचं."

हसण्यानं छत उडायचं बाकी राहिलं. पण त्यांना बोलू दिलं, आणि ते चांगले बोलले.

परिषद उरकली तेव्हा ऊन उतरलं होतं. चंद्रशेखर विहाराच्या बाहेर व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होता. बैल द्यायचा नाही, असं सांगत होता आणि पलीकडच्याचं ऐकून घेत होता. भाऊराव घराकडे निघाले. अंगणात आले, तर मोतीराम आधीच येऊन जुवापाशी उभा. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

"जयभीम," मोतीराम म्हणाला.

"राम राम." एकानं दुसऱ्याचा नमस्कार करायचा, ही दोघांची जुनी रीत.

"विहिरीवर मी इचारलं तवा काय झालं होतं तुले? तवा बोलला असता तर मले हे इतकं जड लाकूड सकाळी सकाळी वाहा लागलं नसतं."

भाऊरावांनी जुवाचं एक टोक धरलं. मोतीरामनं दुसरं धरलं. गोठ्यात लाल्यानं जू उचललेलं पाहिलं आणि कान टवकारले.

"चाल," मोतीराम म्हणाला. "पहिल्यासारखं माह्याच गोठ्यात राहीन हे."

इतकं बोलून तो चालायला लागला. भाऊरावांचे पाय जागीच होते. हातातलं जू अडलं तसा मोतीराम थांबला आणि मागं वळला.

"हरकत हाय," भाऊराव म्हणाले. "यंदा इथं. पुढच्या साली तुह्याकडं."

 मोतीरामनं आपलं टोक खाली टेकवलं, उपरण्यानं तोंड पुसलं आणि ओसरीवर बसला.

"बरं," तो म्हणाला. "मंग आता पहिले चहा कर. मघाचा तुवा पेलाच नाई."